उंच लावलेली ब्युरेट

मी एक जुनी ब्युरेट आहे. काचेची लांब, बारीक नळी, अंगावर रेघा, खाली तोटी. सामोआच्या एका बेटावरच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या टेबलावर लोखंडी स्टँडला धरून मी उभी असते.

मित्रांनो, मी भट्टीत जन्मले आणि पेंढ्यात गुंडाळून बोटीने इथे आले. माझ्यात कॉस्टिक सोडा भरतात. खालच्या पात्रात आम्ल आणि रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब असतात. थेंबाथेंबाने सोडा सोडत गेले की शेवटी पात्र गुलाबी होते. मुले टाळ्या वाजवत. शिकवणाऱ्या लोसाबाई म्हणत, "हिचा आकडा कधी चुकत नाही." मला बरे वाटे. पण सोडा पाण्यासारखाच दिसतो, आणि तो डोळ्यात गेला तर डोळा ठेवत नाही.

पुढे सगळेच सैलावले. मला खाली उतरवून भरायची रीत सुटली. खिळ्यावर टांगलेल्या, डोळे जपायच्या चष्म्यांवर धूळ बसली.

त्या दिवशी गावचे मुखिया तोमासी प्रयोग पाहायला आले आणि टेबलाजवळ खुर्चीवर बसले. इथे वडीलधारे बसलेले असताना कोणी त्यांच्याहून उंच उभे राहत नाही. वर्गातली सिनालेई सोड्याचे भांडे घेऊन वाकत आली आणि माझ्याखाली उकिडवी बसली. तिच्या कानावर लाल जास्वंद होते.

"अगं, खेकड्यासारखी काय चालतेस?" मागून तिची मैत्रीण फिलेमू कुजबुजली.

"गप गं! मुखियाआजोबा बसलेत ना."

तिने हात उंच केले आणि वर बघत सोडा ओतू लागली. माझे तोंड तिला दिसत नव्हते. तिचे उघडे डोळे मला दिसत होते. सोडा वर चढत होता, आणि मला ओरडता येत नाही.

"सिना, उभी राहा!" लोसाबाई किंचाळल्या.

"बाई, आजोबांसमोर कशी…"

सोडा उतू गेला. पहिला ओघळ फुलावर पडला. लाल पाकळ्या हिरवट पडल्या. सिनालेई गोठली. भांडे तसेच वर, तिरपे.

तोमासी झटकन खुर्चीवरून घसरले आणि फरशीवर बसले.

"ऊठ पोरी! आता मी तुझ्या खाली आहे."

ती उठली. दुसरा ओघळ तिचा चेहरा होता तिथे, मोकळ्या फरशीवर पडला. बाईंनी तिला बराच वेळ नळाखाली धरले. कान भाजला. डोळे वाचले.

मित्रांनो, आज मला पुन्हा भरायचे आहे. मला भरताना आधी खाली उतरवा, चष्मा लावा. कोणी मोठे बसले असेल तर उभे राहावे लागेल असे त्यांना सांगा, ते रागावणार नाहीत. मान झुकवायला सगळा जन्म पडला आहे. डोळा एकदा गेला की गेला.