डेल्फाने पुसलेली डबी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझा आवाज काही गोड नाही. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातली मी एक जुनी लाकडी डबी. माझ्या झाकणाला खालून खडू फासतात आणि ते माझ्या पातळ कडेवर घासतात. मग माझ्यातून टर्की या रानपक्ष्याच्या मादीचा आवाज निघतो आणि तो ऐकून रानातला नर ओरडत येतो. वाटेत माझ्यावर रबर चढवावे लागते, नाहीतर मी खिशातच बडबडत सुटते.

हॉबर्टने मला लाल देवदारातून कोरले. काचेच्या तुकड्याने तो माझी कड खरवडायचा, ऐकायचा, पुन्हा खरवडायचा. नऊ दिवस त्याने माझा पिच्छा सोडला नाही. पुढचे तीस वसंत आम्ही दोघांनी रानात शिकारीत काढले. "माझ्यापेक्षा जास्त तू हिच्याशीच बोलतोस," असे त्याची बायको डेल्फा म्हणायची, आणि मी आपली फुशारून जायची!

मग हॉबर्टला कंपवाताने गाठले. त्याच्या हातात माझी नुसती खरखर होऊ लागली. त्याने मला फडताळात ठेवले, ती मी दोन वर्षे तिथेच. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

यंदा मार्चमध्ये डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, की पुढच्या वर्षी त्याला डोंगर चढणे जमणार नाही.

"एकदाच," हॉबर्ट म्हणाला, "एकदाच नर जवळ येऊन ओरडलेला ऐकायचाय."

"मग मी बोलावते त्याला."

"तू? अगं, तू चर्चमध्येसुद्धा बेसूर गातेस!"

"टर्कीला काय कळतंय सुरातलं!"

डेल्फाने आधी तोंडात धरून टर्कीचा आवाज काढायची रबरी पट्टी वाजवून पाहिली. तिला ओकारीच आली. मग पाटीच्या दगडावर काडी घासली, तर कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला. शेवटी तिने मला बाहेर काढले. माझ्यावर खडूची पुटे चढली होती. बिचारीला वाटले, मळ आहे. तिने लाकडी सामानाला लावायचे तेल घेतले आणि मला आतबाहेर लख्ख पुसले.

झाले! माझा घसाच बसला. झाकण कडेवरून नुसते घसरू लागले.

"वहिनी, शोभेला ठेवायचीय का डबी?" हॉबर्टचा भाऊ क्लीट खो खो हसला.

डेल्फाला मात्र रडू आवरेना. "तुझी तीस वर्षं पुसून टाकली रे मी!"

"रडणं नंतर. काच आण," हॉबर्ट म्हणाला. "तू खरवड, मी ऐकतो."

तो डोळे मिटून बसला. तिने तेल प्यायलेले लाकूड हलक्या हाताने काढले. मला दुखले नाही, पण भीती वाटली. माझी कड आणखी पातळ झाली, आवाज घोगरा झाला, पण आला. पुढचे तीन आठवडे स्वयंपाकघरात आमचा सराव चालला. क्लीटने येणेच सोडले.

एप्रिलच्या एका सकाळी ती दोघे ओकच्या झाडाला टेकून बसली, बंदूक डेल्फाच्या मांडीवर. डेल्फाने मला तीनदा वाजवले. समोरच्या उतारावरून नर ओरडला! तिला कुठला धीर? ती वाजवतच राहिली. तो उत्तर देई, पण जागचा हलेना.

"पुरे, बाई!" हॉबर्ट कुजबुजला. "एवढं बोलावलंस तर तो तिथंच पिसारा फुलवून तुझी वाट बघणार."

मला गप्प करायला त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला. हात थरथरत होता. त्याबरोबर झाकणही हलके थरथरले आणि माझ्यातून अगदी मऊ घुर्र... घुर्र निघाले, पाला उकरताना मादी करते तसे.

नर गप्प झाला. मग वाळका पाला वाजला आणि पंधरा पावलांवर तो असा ओरडला, की माझे लाकूड हादरले. हॉबर्ट मोठ्याने हसला. नर फडफडत उडून गेला.

"अगं, बंदूक मांडीवर होती ना? झाडली का नाहीस?"

"तुझ्याकडे बघत होते," डेल्फा म्हणाली.

मित्रांनो, जुनी वस्तू लख्ख करायला फडका उचलण्याआधी ती वापरणाऱ्याला विचारा. आणि त्याचा हात थरथरत असला, तरी ती त्याच्या हातात द्या.