नवरंगाने उत्तर दिलं

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले आणि भिंतीबिंती सोडून थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरले. जन्मभर रुळांची आणि चाकांची तपासणी केलेला माणूस! जिऱ्या-मोहरीच्या डब्यांना नंबर चिकटवले, कुकरच्या शिट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावला, आणि फोडणीत हिंग कधी पडायला हवा यावर मला भाषण दिलं. त्या हिंगावरून मी अबोला धरला होता.

शेवटी मी अनन्याला, म्हणजे आमच्या बंगलोरच्या मुलीला, फोनवर रडगाणं ऐकवलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. "मम्मी, पापा को कोई हॉबी दिला दो यार!" म्हणाली, आणि आठवड्यात दुर्बीण पाठवून दिली.

पोरीचं कल्याण होवो. हे पहाटे दुर्बीण घेऊन पक्षी बघायला बाहेर पडू लागले. सोबतीला जवळच्याच वृंदावन योजना वसाहतीतले राजरत्न मेश्राम भाऊजी. तेही सरकारी नोकरीतून निवृत्त, तेही आमच्यासारखेच अमरावतीकडून इकडे उत्तरेत आलेले. माझं स्वयंपाकघर पुन्हा माझं झालं आणि मी डब्यांवरचे नंबर खरवडून काढले.

ह्यांना अर्धवट काही जमत नाही. त्यांनी छंदाचा इतिहासही वाचून काढला आणि मराठी मंडळात व्याख्यान ठोकलं. "पूर्वी साहेब लोक आधी गोळी घालायचे आणि मग पक्षी ओळखायचे. पेंढा भरून कपाटात ठेवायचे. पुढे दुर्बीण आली, बंदूक सुटली, तेव्हा कुठे या छंदाला माणुसकी आली. आणि आता? लोक मोबाइलवर रेकॉर्ड केलेली शीळ वाजवतात आणि पक्ष्याला फसवून बाहेर काढतात. ही शिकारच आहे!" मेश्राम भाऊजींनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सगळं छान चाललं होतं. मग जून आला आणि ह्यांना नवरंग पक्ष्याने पछाडलं. लहानपणी वडिलांनी एकदा खांद्यावर बसवून दाखवला होता म्हणे, त्यानंतर कधी दिसला नाही. कॉलनीमागच्या करंजांच्या झाडोऱ्यात तो उतरतो असं कळलं. हे रोज जायचे आणि रोज तोंड पाडून परत यायचे. एके संध्याकाळी जेवताना म्हणाले, "चारू, उद्या शेवटचा दिवस. नाही दिसला तर दुर्बीण माळ्यावर. किचनमध्येही बरंच इम्प्रूव्हमेंट बाकी आहे."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे थर्मासमध्ये चहा भरून मीच ह्यांच्याआधी दारात उभी. नवरंग दाखवल्याशिवाय ह्यांना परत आणायचंच नाही, असं मी ठरवलं होतं.

"मेश्राम भाऊजी?" मी विचारलं.

"त्यांचं आज अंग दुखतंय."

झाडोऱ्याशी पोहोचल्यावर मला रस्त्यावरच्या पुलवजा मोरीच्या कठड्यावर बसवून हे करंजांत वाकून शिरले. थोड्या वेळाने शीळ आली. दोन सुरांची, गोड. मी हरखून मान वाकवली, तर आमच्या ह्यांच्या टोपीखाली मोबाइलचा उजेड! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

पण तेवढ्यात झाडोऱ्याच्या पलीकडून तशीच शीळ आली. ह्यांनी पुन्हा वाजवली. पलीकडून पुन्हा उत्तर. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, डोळे पाण्याने भरलेले. मला फार बरं वाटलं. म्हटलं, आपण पलीकडून फिरून जावं आणि त्या पाखराला हळूच ह्यांच्या बाजूला हाकलावं.

फिरून गेले तर करंजाखाली मेश्राम भाऊजी पालथे पडलेले, कोपरापाशी छोटासा स्पीकर.

त्यांनी दोन्ही हात जोडले. "वहिनी, गजेंद्रभाऊंना सांगू नका. त्यांचं व्याख्यान मी विसरलो नाही. पण तिकडून उत्तर येतंय हो!"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबून कशीबशी मोरीपाशी परत आले आणि मटकन बसले. हसून हसून पोटात दुखायला लागलं होतं. आणि तेव्हा माझ्या चपलेशेजारी पाचोळा हलला.

नवरंग होता. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळी पट्टी, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. चोचीने एकेक पान उलटत, किडा शोधत, तो अगदी कामात होता. आमच्या कोणाच्याच शिळेशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी श्वास धरून बसले. ह्यांना हाक मारावी असं वाटलं, पण हाकेने तो उडाला असता. खरं सांगायचं तर मला त्याला कोणाबरोबर वाटूनही घ्यायचं नव्हतं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग दोन्हीकडून एकदमच शीळ वाजली आणि तो भुर्रकन निघून गेला.

थोड्या वेळाने दोघे दोन बाजूंनी बाहेर आले आणि एकमेकांना बघून दचकले. दोघांचेही हात खिशात.

"अच्छा, तुम्ही पण?" हे म्हणाले. "अंग दुखत होतं ना?"

"मोकळं व्हावं म्हणून आलो. ऐकलंत का?"

"ऐकलं! जोडी होती, यार!"

"जोडीच! काय बोलत होते एकमेकांशी!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं, दोघेही काकुळतीला आलेले. "मीसुद्धा ऐकलं," मी म्हणाले आणि चहा ओतला. म्हटलं, स्वयंपाकघर वाचलं.

कसलं वाचतंय! दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यापाशी खुडबुड ऐकू आली. हे हातात चिकटपट्टी घेऊन उभे. "नवरंग झाला, चारू. आता मन तृप्त आहे. आजपासून हे डबे."

मी डब्यांकडे पाहिलं. काल सकाळपर्यंत मी त्यांच्यासाठी भांडले असते. आज मी खुंटीवरची दुर्बीण काढून गळ्यात घातली.

"दूध फ्रीजमध्ये आहे. हिंग तुम्हाला हवा तेव्हा घाला."

"अगं, पण निघालीस कुठे?"

"करंजांत."

"काल ऐकलाय ना आपण?" ते गोंधळले. मग नजर चुकवत म्हणाले, "बरं, मोबाइल तरी घेऊन जा. लागला तर..."

"राहू दे चार्जिंगला," मी चपला घालत म्हणाले. "माझ्याकडे तो न बोलवताच येतो."