एकास एकची जोडी

भाचीचं पत्र मिठाच्या बरणीखाली किती दिवस पडून होतं, ते आता सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की उत्तर न देण्याचं रोज नवं कारण मला सापडत असे. पत्राबरोबर आलेलं खोकं मात्र माझ्या टेबलावर, डोळ्यांसमोर होतं. त्यात इंजिनाचे फेरे दाखवणारं एक टॅकोमीटर, वेटोळं केलेली केबल आणि केबलला इंजिनाशी जोडणाऱ्या, मुठीत मावतील अशा गिअरबॉक्सच्या दोन डब्या होत्या.

"मामा," तिने लिहिलं होतं, "बाबांच्या मोटरसायकलचं मूळ मीटर फुटलं. हे त्यांनी जुन्या बाजारातून आणलं आणि बसवायचं राहून गेलं. मीटरवर 'एकास एक' छापलंय. एका डबीवर एकास एक आहे, दुसरीवर एकास दोन. कोणती लावू? महिनाअखेरीला जुन्या गाड्यांची चढाची शर्यत आहे, बाबांची गाडी मी नेणार आहे. पुस्तक तुमच्याकडे आहे. तुम्ही सांगाल तसं करते."

या शेवटच्या वाक्याने माझं बसणं-उठणं बिघडवलं.

तिचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, हयात असताना गाडी खोलून बसत तेव्हा मी स्टुलावर बसून गाडीचं पुस्तक मोठ्याने वाचत असे. माझं काम तेवढंच. एकदा पाना हातात घेतला, तर ते म्हणाले, "ठेव तो. तुझ्या हातात कप टिकत नाही, इंजिन काय टिकणार? तू आपला वाच." त्यांचं खोटं नव्हतं.

इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही, हा त्यांचा नियम. ते त्याला कुंपण म्हणत. कुंपण कुठवर आलं ते टॅकोमीटरचा काटा सांगतो. आता चुकीची डबी लागली आणि काट्याने खऱ्याच्या निम्मा आकडा दाखवला तर? तो तीन हजारांवर बघून पोर बिनधास्त मूठ पिळत राहणार, आणि चढाच्या मध्यावर इंजिन तिच्या खाली फुटणार. तेही मामाच्या शब्दावर.

माझा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे छापलेला कागद. जुळलं की पुढची ओळ. त्याच सवयीने मी लिहून टाकलं, "एकास एक मीटरला एकास एक डबी." पाकीट चिकटवलं. पण चप्पल घालून दारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. पुस्तकात या मीटरचं नाव नव्हतं. ते दुसऱ्याच कुठल्या गाडीवरचं होतं.

"डबी मुठीत धरून घरभर फिरताय," बायको म्हणाली. "पायांनाच का नाही गिअर बसवून घेत?"

"काहीतरी टोचतंय."

"चपलेत की डोक्यात?"

"डोक्यात."

"मग ते घरी ठेवा आणि पाकीट टाकून या. एरवी तरी कुठे बरोबर नेता?"

मी गेलो नाही. मग भाचीचं कार्ड आलं. बायकोने ते वाचून दाखवलं. "मामा, उत्तर नाही, म्हणजे तब्येत बरी नसेल. तुम्हाला त्रास नको. खोकं तेवढं परत पाठवा. आकड्याला आकडा जुळतोय, तर मी एकास एकच बसवते."

माझंच उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मी उठलो.

पुस्तक काढलं. भावोजींच्या अंगठ्याचा ग्रीसचा डाग असलेलं पान आपोआप उघडलं. 'कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो.' हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं होतं, आणि दोन्ही वेळा मी ते नुसतं वाचलं होतं. डबी बसते ती याच कॅमशाफ्टच्या, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकाला. एकास एकची डबी तो निम्मा वेग तसाच केबलला देणार. मीटरचं म्हणणं वेगळं: केबलचा एक फेरा म्हणजे इंजिनाचा एक फेरा. आकडे सारखे, पण एक डबीचं सांगतो, दुसरा मीटरचं. दोघांची जोडी लावली की काटा निम्माच दाखवणार. वेग दुप्पट करणारी दुसरी डबीच हवी.

म्हणजे मीटरवरचं छापील खरं असेल तर. जुन्या बाजारातली वस्तू. चेहरा एकाचा आणि पोट दुसऱ्याचं असायचं. आणि छापलेलं किती चुकतं, हे मला कुणी सांगायला नको.

खालच्या सुताराकडे ड्रिल मागायला गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, खिळा ठोकायला मला वर बोलावता तुम्ही. बोटं मोजून नेताय ना?" ड्रिलच्या पट्टीवर मिनिटाला बाराशे फेरे लिहिले होते. मला तेवढंच हवं होतं.

"हे तुम्ही धरणार?" बायकोने विचारलं.

"तू धरतेस?"

"मी वाचते. आयुष्यभर तुम्हीच वाचलंत."

केबलचं एक टोक ड्रिलमध्ये आवळलं, दुसरं मीटरमध्ये घातलं आणि बटण दाबलं. काटा जागचा हलला नाही. मी घाईने हात काढला. मोडलं असणार, माझ्या हातून आणखी काय होणार होतं? खुर्चीवरून उठलो, बसलो, पुन्हा उठलो. मग सुचलं, आपण उलटं तर फिरवत नाही? ड्रिलची दिशा बदलली, कोपर टेबलाला टेकवलं आणि पुन्हा दाबलं.

"चढला," बायको म्हणाली. "हजार. अकराशे. बाराशेच्या जरा अलीकडे थांबलाय."

"चोवीसशे नाही ना?"

"बारा आणि चोवीस कळतात मला. तुमच्याशी लग्न केलं म्हणून कायमची आंधळी नाही झाले."

म्हणजे मीटर खरं बोलत होतं, पोटातही एकास एकच होतं. मग एकास दोनच्या डबीच्या दोन्ही टोकांना खडूची खूण केली आणि एक टोक हाताने सावकाश फिरवलं. इकडे एक फेरा झाला तेव्हा तिकडे दोन झाले होते.

जुनं पाकीट फाडलं. नवं पत्र चार ओळींचं झालं. "एकास दोनची डबी लाव. दुसरी लावलीस तर काटा निम्मा दाखवेल. स्वतः फिरवून पाहिलंय. कुंपण सहा हजार." एकास एकच्या डबीला मी लाल दोरा बांधला आणि चिठ्ठी अडकवली: 'ही नको.'

पोस्टात खोकं दिलं. पावती घेतली. बाहेर पेटीशी उभा राहून पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला, भाचीचं नाव पुन्हा वाचलं, आत लिहिलेलं मनात पुन्हा वाचलं. मागे एक बाई ताटकळत होती.

"टाकताय का आजोबा, की आधी मी टाकू?"

"टाकतो," मी म्हणालो, आणि टाकलं.