पुरवणी परीक्षेआधीचं डोहाळजेवण

नातीच्या नापास होण्यात माझा वाटा किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मेहकरला एका ग्रंथालयात मी तीस वर्षं नोकरी केली. पुस्तकं जागच्या जागी लावणं, एवढंच मला येतं. प्राची अकोल्याला एमबीबीएसला गेली, तेव्हा मी तिचा दिवसही तसाच लावून दिला. पहाटे चारपासून कप्पे पाडलेला कागद. व्हॉलीबॉल बंद, घरी येणं बंद. सुरुवातीलाच तिची चुलत बहीण राखी हिचं लग्न निघालं. चाचणी परीक्षा जवळ होती, म्हणून मी घरात सगळ्यांना बजावलं, प्राचीला कळवायचं नाही.

तिला ते कोणाच्या तरी मोबाइल स्टेटसवरून कळलं. ती भांडली नाही. फोनवर नुसतं "बरं हाय आबा" म्हणू लागली. कागद मात्र तिने तंतोतंत पाळला, आणि वर्षाअखेर शरीरक्रियाशास्त्रात नापास झाली. पुरवणी परीक्षेतही विषय राहिला, तर तिची बॅच पुढे निघून जाणार होती.

त्या परीक्षेला नऊ दिवस असताना धाड या आमच्या गावी, घरीच राखीचं डोहाळजेवण होतं. या वेळी मी कोणालाच काही बजावलं नव्हतं. सकाळी जीपमधून प्राची उतरली.

"अभ्यास?" माझ्या तोंडून गेलंच.

"संध्याकाळी वापस जाईन ना. आन् आबा, मी रोज व्हॉलीबॉल बी खेळून राह्यली. आत्ताच सांगून ठेवलं."

मी चष्मा पुसत बसलो.

तिने राखीला पहिला घास भरवला. मग पिशवीतून बीपीचं मशीन काढून तिचा दाब पाहिला. शेजारच्या गीताबाईंनीही हात पुढे केला.

"डॉक्टरीनबाई, माहं बी पाय ना वं."

"काकू, मी नापास डॉक्टरीन हाय."

"मंग फुकट पायशीन!"

बायका खो-खो हसल्या, तीही हसली. वर्षभरात मी तिला हसताना ऐकलं नव्हतं.

जेवण झाल्यावर ती राखीशेजारी गाढ झोपली. एक तास, दीड तास. मी अंगणात येरझारा घालत होतो.

"घड्याळ पाहून पास होनार हाय काय ते?" माझी बायको सोजराबाई म्हणाली. "झोपू द्या तिले."

मी उठवलं नाही. बरोबर केलं की पुन्हा चुकलो, या विचारात पुढचे कितीतरी दिवस गेले.

परवा तिचा फोन आला.

"आबा, निघाला विषय. पास झाली मी."

"राखीच्या लग्नाचं... माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य वर्षभर जुळवत होतो, आणि बाहेर आलं ते असं अर्धवट.

"हाव, चुकलंच होतं." ती म्हणाली. "लई रडली होती मी. आता तुम्ही नका रडू."

तोवर उशीर झाला होता. सोजराबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली.

"राह्यला काय विषय?"

मी मान हलवली. होय की नाही, तिला कळेना. तिने पिठाच्या हाताने फोन हिसकावला, तिकडचं ऐकलं आणि माझ्यावरच ओरडली, "मंग असं तोंड काऊन केलं हो!"