हिरव्या चौकड्यांची उशी

डोरीन हॅस्लरचं डोकं तापायला फारसं निमित्त लागत नाही, हे आयोवातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वय त्र्याहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि बोलण्यात कुणाची भीडमुर्वत नाही. पण त्या रविवारी सकाळी क्लबच्या मैदानावर गाडीतून उतरली तेव्हा बाई चक्क खुशीत होती. रेडिओच्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या कसरतींची स्पर्धा होती, शेवटचं बक्षीस तिच्या हस्ते द्यायचं होतं, आणि मुख्य म्हणजे क्लबातल्या कर्टिस ओबर्गने तिचं विमान बनवून आणलं होतं.

तिचं म्हणजे तिचंच. दुहेरी पंखांचं, पिवळंधम्मक. बावीस वर्षं त्यात बसून तिने जत्रेजत्रेत आकाशात कोलांट्या मारल्या होत्या. पुढे डोळे अधू झाले, डॉक्टरने उडणं बंद केलं, विमान विकावं लागलं. ते गेलं त्या दिवसापासून तिने विमानं ठेवतात त्या हँगरच्या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. कर्टिसने चार हिवाळे तळघरात बसून त्याची हुबेहूब प्रतिकृती केली. खऱ्याच्या दोन पंचमांश मापाची, सात फूट पंखांची. या स्पर्धेत नुसतं झकास उडवून भागत नाही, विमान खऱ्यासारखं दिसावंही लागतं. आत वेग-उंची दाखवणाऱ्या तबकड्या हव्यात आणि वैमानिकाचा पुतळा हवा. पुतळा नसला तर गुणांमधून सरळ एक टक्का कापतात.

डोरीन विमानाभोवती फिरली. खऱ्या विमानाच्या डाव्या खालच्या पंखाला गारांनी भोक पडलं होतं, त्यावरचं ठिगळ इथेही जिथल्या तिथे होतं. शेपटीवरच्या नंबरातला सात जरासा वाकडा होता, कारण तो लॉइडने, तिच्या नवऱ्याने, उन्हात घाईघाईत रंगवला होता. तोही तसाच वाकडा. कर्टिस बाजूला उभा राहून, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. वैमानिकाच्या जागेवरचं काचेचं झाकण त्याने मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

"आत बघा ना," तो म्हणाला. "उशीसुद्धा केलीय. हिरव्या चौकड्यांची. एका जुन्या फोटोत दिसली मला. पंचांना फार आवडली ती."

डोरीनने आत वाकून पाहिलं. उशी होती. खरी तिने आईच्या जुन्या कोटातून शिवली होती, अगदी तशीच. आणि उशीवर एक बाप्या बसला होता. रुंद खांदे, काळा चष्मा, आणि ओठांवर झुबकेदार मिशी.

"हा कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? पायलट."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उशी कशासाठी होती, हे या शहाण्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. उशीशिवाय डोरीनला समोरचं काही दिसत नसे, म्हणून ती उशी. सहा फुटी मिशीवाल्याला उशी दिली तर त्याचं डोकं झाकणाला आपटेल. चार वर्षं हा माणूस तिचे फोटो भिंग लावून बघत होता. त्याने ठिगळ पाहिलं, वाकडा सात पाहिला, उशी पाहिली. उशीवर बसलेली बाई तेवढी त्याला दिसली नाही.

तिने हे सगळं त्याला सुनावलं, आवाज न चढवता, आणि डोरीनचा आवाज चढत नाही तेव्हा जास्त जपावं लागतं. कर्टिस कानापर्यंत लाल झाला. माणूस वाईट नव्हता. या मापाचे पुतळे तयार मिळतात आणि सगळे पुरुषांचेच असतात, असं त्याने सांगितलं. बाईचा मुद्दाम करून घ्यावा लागतो, त्याला दीड महिना जातो, आणि स्पर्धा तोंडावर आली होती. पुढच्या वेळी नक्की बदलतो, असं तो दोनदा म्हणाला.

"पुढची वेळ राहू दे. आत्ता काढ त्याला. खुर्ची रिकामी ठेवून उडव."

"एक टक्का जाईल हो. काल संध्याकाळी मी फक्त अर्ध्या टक्क्याने पुढे होतो." त्याने आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू का, पुतळ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही."

"कुणी बघत नाही, तर मग टक्का कोण कापतं?"

कर्टिसने झाकण लावलं आणि विमान धावपट्टीकडे ढकलत नेलं. मिशीवाला आत तसाच होता.

डोरीन खुर्चीत जाऊन बसली. कुणीतरी सँडविच आणून दिलं, ते तिने मांडीवर तसंच ठेवलं. तिच्या डोक्यात पंचेचाळीस वर्षांपूर्वीची जत्रा फिरत होती. त्या दिवशी ती विमानातून उतरली तेव्हा हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले होते, अंगावर उडण्याचा पोशाख होता. जत्रेचा अध्यक्ष चषक घेऊन आला आणि त्याने तो थेट लॉइडच्या हातात दिला. लॉइड फक्त चाकांखाली ठोकळे लावायला आला होता. त्याने चषक घेतला, हसून हात मिळवला, आणि रात्री म्हणाला की चारचौघांत म्हाताऱ्याला कशाला लाजवायचं. डोरीनला लाजवलेलं चाललं होतं. त्याच दिवशी एका बाईने जवळ येऊन तिला फार मायेने विचारलं होतं, नवरा विमान घेऊन वर गेला की भीती नाही का वाटत तुम्हाला? पुढे बावीस वर्षं, जत्रा बदलली तरी हा प्रश्न बदलला नाही. प्रत्येक वेळी ती मूग गिळून गप्प बसली. त्यामुळे तिला विचारणारीपेक्षा स्वतःचाच राग जास्त यायचा.

एवढ्यात पिवळं विमान उठलं. कर्टिसच्या मागे उभी राहून त्याची बायको एकेक कसरत मोठ्याने वाचून सांगत होती आणि तो हातातल्या रिमोटवर बोटं फिरवत ती आकाशात काढत होता. उडवत होता मात्र सुरेख. चढावर माथ्याशी गेल्यावर डोरीन जशी विमानाला अर्धा श्वास थांबू द्यायची, तसंच त्याने थांबू दिलं. तिचे डोळे भरून आले, आणि त्यामुळे तिचा राग आणखी भडकला. हे एवढं सगळं तिच्याकडून उचलायचं आणि खुर्ची तेवढी दुसऱ्याला द्यायची.

दुपारी निकाल लागला. कर्टिस पहिला आला, अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने.

स्पर्धेचा प्रमुख वेंडेल याने कर्ण्यावरून डोरीनचं तोंडभरून कौतुक केलं. आपल्या काउंटीची शान, असंही म्हणाला. मग त्याने चषक तिच्या हातात दिला. कर्टिस टोपी काढून, हात पुढे करून उभा होता. डोरीन त्याच्याकडे चालत आली आणि त्याच्या शेजारून पुढे निघून गेली, मागे उभ्या असलेल्या पिवळ्या विमानाकडे. लोकांना उशी दिसावी म्हणून कर्टिसने झाकण पुन्हा उघडून ठेवलं होतं. तिने आत वाकून चषक मिशीवाल्याच्या छातीशी टेकवून ठेवला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"अभिनंदन, साहेब," ती म्हणाली. "फार छान उडवलंत."

दोघेचौघे हसले. ती काही हसत नाही हे बघून तेही थांबले.

"मिसेस हॅस्लर," कर्टिस म्हणाला, "ते... विमान मी उडवलं."

डोरीनने वळून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिच्या चेहऱ्यावर मायाळू हसू होतं. जत्रेतल्या बायकांचं ते हसू तिला पाठ होतं.

"अगबाई, तू यांच्याबरोबर आलायस होय?" ती म्हणाली. "हे वर गेले की भीती नाही का रे वाटत तुला?"

वेंडेलने कर्णा खाली घेतला. कर्टिसचा पुढे केलेला हात अजून तसाच होता.