एकदाच उघडलेली हवाई छत्री

मित्रांनो, मी एक जुनी हवाई छत्री आहे. उभ्या आयुष्यात मी फक्त एकदाच काम केलं. पण केलं ते असं, की आज मान ताठ ठेवून सांगते आहे.

मी माणसाच्या पाठीवर बसणारी छत्री नव्हे. अख्खं विमान तोलून धरणाऱ्या जातीची मी! कारखान्यातल्या बायकांनी मला तलम पण चिवट कापडातून शिवलं आणि माझा टाका न् टाका भिंगातून तपासला. मग यंत्राखाली दाबून दाबून माझं इतकं घट्ट गाठोडं केलं, की हात लावणाऱ्याला लाकडाचा ओंडकाच वाटावा. एका छोट्या खासगी विमानात, मागच्या सीटच्या पाठीमागे, मला एका लहानशा रॉकेटशेजारी बसवलं. पुढे छताला एक लाल दांडी होती. ती ओढली की रॉकेट सुटणार आणि मला बाहेर खेचणार, अशी सोय होती.

विमानाचे मालक कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांचा सगळा जीव समोरच्या दोन पडद्यांवर. उंची, वेग, दिशा, नकाशा, सगळं त्या पडद्यांवर रंगीत दिसायचं. डॉक्टर ते मऊ फडक्याने पुसायचे, पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. माझ्याबद्दल मात्र म्हणायचे, "मागे उगाच वजन वाहतोय." मला फार लागायचं ते.

त्यांचा मेकॅनिक खमक्या होता. माझी मुदत संपली तेव्हा त्याने विमानाच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि म्हणाला, "छत्री तपासून, नवी घडी घालून येऊ दे. मगच उडा." डॉक्टर चडफडले, पण मी कारखान्यात जाऊन ताजीतवानी होऊन आले. पडद्यांसाठी जी राखीव बॅटरी असते, तीही बदला म्हणून तो मागे लागला होता. ती डॉक्टरांनी आज-उद्या करत ढकलली.

लाल दांडी पाहून पाहुणे घाबरतात, म्हणून डॉक्टर तिच्यावर आपली टोपी अडकवून ठेवायचे. एके दिवशी शेजारच्या सीटवर त्यांच्या सासूबाई बसल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका! दुसऱ्या गावी नोकरीला असलेल्या लेकीकडे, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोकडे, दोघं निघाले होते.

"जावईबापू, या टोपीखाली काय आहे?"

"काही नाही हो आई. ते कधी लागत नाही."

"लागत नाही, तर मग लाल कशाला रंगवलंय?"

बाईंनी टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं वदवून घेतलं. आधी इंजिन बंद करायचं. मग दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून दांडी खाली ओढायची. आणि जमीन फार जवळ येईपर्यंत थांबायचं नाही, कारण मग छत्रीला उघडायला जागाच उरत नाही. मी मागे बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या वाटेत विमान ढगात शिरलं. वीज तयार होत नसल्याचा पिवळा दिवा लागला. "हा नेहमीच कुरकुरतो," म्हणून डॉक्टरांनी त्याच्याकडे काणाडोळा केला. थोड्या वेळाने दोन्ही पडदे काळे पडले. राखीव बॅटरीने क्षणभर तग धरला आणि तीही संपली. पडद्यांना मी दोष देणार नाही, मित्रांनो. ते वर्षानुवर्षं इमानाने चालले होते. वीजच नाही, तर बापडे काय करणार?

बाहेर सगळं पांढरं. अशा वेळी माणसाला स्वतःचं शरीरच फसवतं. डॉक्टरांना वाटत होतं, विमान सरळ चाललंय. प्रत्यक्षात ते एका अंगावर कलून, गोल गोल फिरत खाली निघालं होतं. मला ते कळत होतं, पण ओरडायला मला तोंड कुठे होतं? माझा जीव नुसता कासावीस झाला.

डॉक्टर बटणं दाबतच राहिले. "एक मिनिट, आई. होईल चालू."

"वारा कसा किंचाळतोय, ऐकू येत नाही का? आपण खाली चाललोय. ओढा ती दांडी."

"ओढली तर विमान भंगारात जाईल, आई! नुकतंच रंगवलंय!"

"अरे, ओढ!" बाई कडाडल्या.

जावयाला त्यांनी जन्मात पहिल्यांदाच अरेतुरे केलं. डॉक्टरांचा हात वर्गातल्या मुलासारखा चटकन वर गेला. दुसऱ्या हाताने त्यांनी इंजिन बंद केलं. दांडी भलतीच ताठ होती. शेवटी सासू-जावई दोघंही तिला लोंबकळले.

आणि मी सुटले! धडाड्‌कन रॉकेट उडालं, माझी घडी न् घडी उलगडली, पोटात वारा भरला. एक जबर हिसका बसला आणि ते भिरभिरणारं विमान माझ्या दोऱ्यांना निमूटपणे टांगलं गेलं. इंजिनाचा आवाज नव्हता, वाऱ्याचं किंचाळणंही थांबलं होतं. काय सांगू तो आनंद!

"आता काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"आता काही नाही, आई. पट्टा घट्ट ओढून बसा."

आम्ही एका रोपवाटिकेत दणकन उतरलो. चाकं मोडली, डॉक्टरांची पाठ चांगलीच शेकली, पण दोघं धडधाकट. मात्र माझं भान सुटलं होतं. कानात वारं शिरलेल्या वासरासारखी मी उधळले आणि विमानासकट दोघांना फरफटत नेऊ लागले. तेवढ्यात रोपवाटिकेची मालकीण ट्रॅक्टर घेऊन धावली आणि तिने तो सरळ माझ्या अंगावर घातला. "बस झालं गं बाई, थांब आता!" ती मलाच म्हणाली. मी फाटले आणि थांबले.

निरोप मिळताच डॉक्टरांची बायको गाडीने धावत आली. आईला बिलगली, नवऱ्याला बिलगली, दोघांनाही चिक्कार रागावली. निघताना मागे वळली, चिखलात वाकली आणि माझा फाटका पदर तिने गालाला लावला. माझ्या सगळ्या रिकाम्या वर्षांचे पांग त्या एका क्षणात फिटले.

मित्रांनो, जी वस्तू रोज लागत नाही तिचीही काळजी घ्या. ती कुठे आहे, कशी वापरायची, हे शेजारच्यालाही सांगा. आणि संकटात मदतीची दांडी हाताशी असेल, तर ती ओढायला लाजू नका, उशीर करू नका. ते रंगवलेलं विमान खरंच भंगारात गेलं. डॉक्टर आणि सासूबाई मात्र त्या दिवशी लेकीच्या घरी, एकाच टेबलाशी, भांडत भांडत पोटभर जेवले.