चहा प्यायलेला डबा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी खाणीतल्या सात नंबरच्या बोगद्याची समोरची भिंत फुटली, आणि कोळसा, दगड, वायू असा चारशे टनांचा ऐवज एका दमात बोगद्यात येऊन बसला.

असं काहीही झालेलं नाही. मॅनेजरच्या रजिस्टरात त्या दिवसासमोर ‘उत्पादन समाधानकारक’ एवढंच लिहिलंय. चारशे टन फुकटात आल्यावर समाधान होणारच. तेव्हा आपणही सोमवारपासून, म्हणजे काहीच झालेलं नसतानापासून, सुरुवात करू.

सोमवारी मोजणीबाई सात नंबरला उतरली. भिंत फुटेल की नाही हे सांगायचं तिचं काम, म्हणून सगळे तिला मोजणीबाईच म्हणत. फक्त दादा, तिचा सख्खा भाऊ, तिला छोटे म्हणे. तो त्याच बोगद्यात ड्रिल चालवायचा. पद्धत सोपी होती. दादाने भिंतीत भोक पाडायचं, तिने बाहेर पडणारा भुगा मोजायचा, त्यातला मूठभर पत्र्याच्या डब्यात भरून दोन मिनिटांच्या आत झाकण घट्ट लावायचं. कोळसा किती वायू सोडतो ते मग डब्यावरच्या काट्यावर दिसे. सहाच्या खाली आला की धोका कमी.

आकडा कायम सहाच्या खालीच यायचा, कारण डब्याला चहा पाजत असत. म्हणजे डबा उघडा ठेवायचा, सगळ्यांनी थर्मासातला चहा सावकाश संपवायचा, मग झाकण लावायचं. तोवर वायू बिचारा कंटाळून निघून जाई. ही रीत तिला आधीच्या मोजणीदाराने शिकवली होती आणि तो हार घालून निवृत्त झाला होता. गेले आठ महिने दर सोमवारी तीही इमानेइतबारे चहा पीत होती.

एरवी मीटरभर भोकामागे एक घमेलं भुगा निघे. सोमवारी चार निघाली. भिंत आतून बोटं मोडल्यासारखी कडकड वाजत होती.

“हिचं पोट बिघडलंय,” दादा म्हणाला.

“गप. डबा दे.”

“आणि चहा?”

“आज नको.”

आकडा आला अकरा.

वर ऑफिसात मॅनेजर उकडलेलं अंडं खात होता. अर्धा बलक तोंडात, पाव मिशीत, उरलेला तिच्या फॉर्मवर.

“अकरा? अहो बाई, अकराला आपल्याकडे जागाच नाही.”

खरंच नव्हती. फॉर्मवर ‘कमी’ आणि ‘मध्यम’ असे दोनच चौकोन होते. ‘जास्त’चा चौकोन गेल्या वर्षी काढून टाकला, कारण तो कधी कुणी भरलाच नव्हता.

“मी हाताने काढते चौकोन.”

“छापील कागदावर चित्रं काढायची नाहीत.” त्याने डब्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं. “वाससुद्धा नाही हो!” मग अंड्याची टरफलं डब्यात टाकली, बोटं चाटली, दुसरं अंडं सोलून खाल्लं, आणि झाकण लावलं. काटा दोनवर. “बघा. माणसाने घाई करू नये.”

“तुम्ही अंड्याचा धोका मोजलात.”

“आठ महिने चहा प्यायलात, तेव्हा नाही मळमळलं ते?” त्याने पेनच्या टोपणाने कान कोरला, टोपण निरखून पाहिलं आणि तेच पेन सहीसाठी पुढे केलं.

तिने ते धरलं नाही. मग त्याने ‘कमी’वर खूण केली आणि तिचा शिक्का स्वतःच मारला. शिक्का त्याच्याच ड्रॉवरमध्ये असे.

संध्याकाळी दादा ओट्याशी कांदा चिरत होता.

“उद्या जाऊ नकोस, दादा.”

“कागदावर काय आहे?”

“कमी.”

“शिक्का कुणाचा?”

“माझा. पण खोटा आहे.”

“आणि आधीचे चौतीस?”

दादा हसला. “छोटे, चौतीस वेळा खोटं होतं आणि चौतीस वेळा मी वर आलो. तुझं खोटं मला मानवतं.”

मॅनेजरची मिशी एकवेळ परवडली. स्वतःच्या तोंडात आठ महिन्यांच्या चहाची चव आली, ती तिला गिळवेना.

सकाळी तिने दादाचे बूट पाण्याच्या टाकीत बुडवले. तो शेजाऱ्याचे, एक नंबर मोठे, घालून गेला. दहा वीसला भिंतीपाशी तो एकटाच होता. बाकीचे तिघे ट्रॉली आणायला मागे गेले होते. ते वाचले, पण काही झालंच नसल्याने वाचलो असं म्हणायचीही त्यांना बंदी आहे. सात नंबरच्या तोंडाशी विटांची भिंत बांधून ‘रंगकाम चालू’ अशी पाटी लावली.

मॅनेजरने तिला हजेरी दाखवली. पानावर बोटाचा तेलकट ठसा. “आत गेल्याची नोंद आहे, बाहेर आल्याची नाही. म्हणजे कामावर आहे. कामसू हो तुमचा भाऊ.”

नवव्या दिवशी तिने अर्ज दिला, स्वतःच्या पेनने:

“महोदय, सात नंबर बोगद्यात कोणतीही घटना घडलेली नाही, हे आपल्या पत्रावरून समजले. त्या अर्थी तेथे मंगळवारच्या पहिल्या पाळीस हजर असलेले माझे ज्येष्ठ बंधू यांची पाळी संपून नऊ दिवस झाले असल्याने, त्यांना शेजाऱ्यांच्या बुटांसह वर सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.”